पोहता येत नाही, तरी मालवणला जेट स्की (पाण्यावर चालणारी स्कूटर) करावी का?

हो, नक्की करा. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर नवख्या माणसाला एकट्याने सोडत नाहीत. चालवणारा मुलगा तुमच्यासोबतच बसतो. लाइफ जॅकेट मात्र स्वतः तपासा. सगळे बक्कल लावा आणि कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे, लहान मापाचं मागा.

हँडल हातात दिलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडी वळत नाही. पाण्याचा झोत मागे फेकला जातो तेव्हाच ती वळते. समोर होडी दिसली की आपला हात आपोआप सैल पडतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. थोडा वेग ठेवून वळा.

मनगटाला लाल दोरी बांधतात, ती काढू नका. पडलात तर तिचं दुसरं टोक गाडीतून सुटतं आणि इंजिन बंद होतं. मग मागच्या बाजूनेच वर चढायचं.

सकाळी लवकर जा, वारा कमी असतो. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. चष्मा असेल तर दोरी लावा, माझ्या बहिणीचा पहिल्याच लाटेत गेला.