आयकिडोत बोक्कन आणि जो शिकायची खरंच गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष आयकिडो (जपानी युद्धकला) झालं, सेन्सेई (शिक्षक) आता बोक्कन (लाकडी तलवार) आणि जो (काठी) घ्यायला सांगतायत. पण आधी रिकाम्या हातांचं तंत्र पक्कं करावं असं तुम्हाला वाटतं.

थांबू नका, घ्या. मी जपानमध्ये त्सुकुबाला राहतो. पहिली दोन वर्षं मीही असाच थांबलो होतो, त्याची हळहळ अजून वाटते.

मोरिहेई उएशिबांनी इथून जवळच्या इवामा गावात आयकिडो घडवलं, तेव्हा हात आणि शस्त्र दोन्हींचा सराव एकत्रच चालायचा. तिथे त्यांच्याजवळ शिकलेल्या मोरिहिरो साइतोंनी त्याची नीट मांडणी केली : बोक्कनचे ७ सुबुरी (एकट्याने करायचे मूळ सराव), जोचे २० सुबुरी, ३१ हालचालींची जो-काता (ठरलेल्या क्रमाची मालिका). शोमेनउची हा मुळात डोक्यावर उतरणारा तलवारीचाच वार. शिहोनागे या फेकीत हात वर जाऊन खाली येतात, तेही तलवार उचलून कापल्यासारखेच.

माझं घोडं शिहोनागेतच अडलं होतं. मी जोडीदाराचा हात खेचायचो. सेन्सेईंनी काही न सांगता हातात बोक्कन दिलं. प्रत्येक वार तिरका जायचा, कारण सगळा जोर उजव्या हाताचा. त्यांनी माझ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सैल केली आणि डाव्या हाताची करंगळी मुठीवर दाबून धरली. पकड तिथे हवी. तीन आठवड्यांत त्या करंगळीखाली घट्टा पडला आणि शिहोनागेत माझे खांदे आपसूक खाली आले. आधीच्या दोन वर्षांत तोंडी सांगून ते झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट माआइ, म्हणजे दोघांमधलं अंतर. रिकाम्या हाती अर्धं पाऊल चुकलं तरी निभावून जातं. कुमिताचीत (बोक्कनचा जोडीने सराव) समोरच्याचं बोक्कन तुमच्या मनगटापासून दोन बोटांवर थांबतं, तेव्हा ते अर्धं पाऊल लख्ख दिसतं.

बोक्कन साधारण १०२ सेंमी, जो १२८ सेंमी. जपानी पांढऱ्या ओकचं घ्या, जाड वॉर्निश नको, घामाने हात सटकतो. जो दुकानातच फरशीवर लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच उड्या मारतो. आणि जोडीने सराव करण्याआधी दर वेळी लाकडावरून सुती फडकं फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे लाकूड उकलायला लागलंय. ते जोडीदारासमोर धरू नका.