झडती घे म्हणायला घाबरू नकोस

अरे, तू विचारलंस ना की देवाला सगळं माहितीच आहे मग माझं मन तपास असं म्हणायचं कशाला. बायबलमधलं स्तोत्र १३९ आधी पूर्ण वाच, पहिल्याच ओळीत ते रचणारा दावीद राजा देवाला म्हणतो तू मला पारखलंयस, आणि तरी २३ व्या ओवीत परत तेच मागतो. म्हणजे देवाला नवीन काही कळावं म्हणून नाही रे, आपल्याला दिसावं म्हणून.

आमच्या वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यात होडी वर ओढतात ना, तेव्हाच खालच्या चिरा दिसतात, पाण्यात असताना फक्त पाणी आत येतं. तसंच. रात्री मोबाईल लांब ठेव, दहा मिनिटं गप्प बस, एकच गोष्ट समोर आली तरी पुरे. माझ्या बाबतीत दरवेळी भावाशी झालेला माडांच्या हद्दीचा वाद यायचा आणि मी तो टाळून दुसरीच पापं कबूल करत बसायचो, दोन वर्षं!

आणि नुसतंच मी वाईट मी वाईट असं काहूर उठलं तर थांब, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचं ८:१ वाच, ख्रिस्तात असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही असं तिथे आहे. देव नेमकं बोट ठेवतो आणि स्तोत्र १३९ च्या २४ व्या ओवीसारखं पुढे चालवतो पण. कोणाचं नाव आठवलं तर रविवारच्या उपासनेआधी त्याच्या घरी जाऊन ये.