घरी ओव्हर कोणाला देता?

"मी झोपले आणि तेवढ्यात काही झालं तर?" २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, लातूर परिसरातील परिचारिका आणि कोविड ड्यूटीवर लावलेले वैद्यकीय विद्यार्थी समुपदेशनाच्या भेटींत माझ्यासमोर हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मांडत असत. त्यांपैकी एका परिचारिकेची हकिकत, ओळख पटू नये इतपत बदलून, येथे देते.

अंगात त्राण नसतानाही अंथरुणाला पाठ टेकली की तिचे डोळे टक्क उघडत. रुग्णाचा ऑक्सिजन घसरू लागला की मॉनिटरचा स्वर खाली उतरत जातो. तो उतरता स्वर तिला घरच्या शांततेतही ऐकू येई, आणि मग ती उठून मधुमेही आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावी, रात्रीतून पाच-सहा वेळा.

"आकडा किती येतो?"

"सत्त्याण्णव."

"मग निर्धास्त वाटतं?"

"दहा मिनिटं, मॅडम. नंतर वाटतं, आता उतरला असंल."

प्रसंगापेक्षा त्याला आपण चिकटवलेला अर्थच झोप उडवतो, असे मी मानते. जागरण म्हणजे पहारा, हा तिचा अर्थ मला पहिल्याच भेटीत दिसला. तो तिला समजावण्यात मात्र मी दोन भेटी वाया घालवल्या. तिसऱ्या भेटीत सहज विचारले, "वॉर्डातले एवढे रुग्ण सोडून घरी कशा येता?"

"ओव्हर देऊन येते की, पुढच्या पाळीच्या सिस्टरला सगळे रुग्ण सोपवून."

"आणि घरी ओव्हर कोणाला देता?"

ओढणीचे टोक पिळत ती बराच वेळ गप्प राहिली. "घरी रिलीव्हरच नाही, मॅडम." रिलीव्हर, म्हणजे पाळी संपल्यावर आपली जागा घेणारा; तो शब्द तिच्याच तोंडून आला, याचे मला आजही समाधान आहे.

रिलीव्हर घरातच होता: नीटसाठी रात्री एकपर्यंत जागणारा धाकटा भाऊ. रात्री नऊला ऑक्सिमीटर आणि वही त्याच्या ताब्यात जाईल, तो झोपण्यापूर्वी एकदाच तपासेल, आणि आकडा ९४ च्या खाली गेला किंवा आईला धाप लागली तरच ताईला उठवील, असे ठरले.

बाकीची पथ्ये साधी होती, आणि ती कोणालाही पाळता येतील. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडावे आणि झापड आल्यावरच परतावे, कारण तळमळत पडून राहिल्याने अंथरुणाची आणि काळजीचीच गाठ पक्की होते. चहातील कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही शरीरात उरतो, म्हणून संध्याकाळचा चहा सोडावा. रात्रपाळीनंतर घरी येताना गॉगल लावावा आणि खोलीत अंधार करावा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात, वीज गेलेली असताना, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण, हे मी जाणते.

पहिल्या दोन रात्री ती भावाला विचारायला उठलीच. चौथ्या आठवड्यात तिने वही माझ्यापुढे उघडली. भावाच्या तिरप्या अक्षरात नोंद होती: "१२.५०. ९७. ताई घोरतेय."