ब्रांच ठरवायच्या आधी फोनचा विचार कर

अगं,

एमबीबीएसनंतर पीजीला कुठली ब्रांच घेऊ, हा तुझा मेसेज आज ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) बसून वाचला, सर्जन यायचे होते म्हणून निवांत वाचता आला. रात्री पावणेदोनला एवढं लांबलचक टाइप केलंयस म्हणजे झोपेचं खोबरं झालंय हे कळलंच. मेडिसिन आवडतं पण झेपेल का, रेडिओला (रेडिओलॉजीला) नीट-पीजीची रँक पुरेल का, घरचे डर्मा डर्मा (स्किन) करतायत, रूममेटने तर थर्ड इयरपासून ऑर्थो ठरवून टाकलंय, आणि मग अगदी शेवटी हळूच, "मॅडम खरं सांगू का, मला यातलं काहीच मनापासून नकोय असं पण वाटतं." मला विचारशील तर अख्ख्या मेसेजमधलं कामाचं वाक्य तेवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाहीये.

तू अजून ब्रांच बघितलीयेस कुठे? इंटर्न मेडिसिनला लागते म्हणजे काय करते, सॅम्पल काढते, एबीजी (धमनीतल्या रक्ताचा नमुना) घेऊन पळते, हरवलेले एक्स-रे शोधते, ब्लड बँकेत हुज्जत घालते आणि राउंडला मागे उभं राहून सरांनी आपल्याला काही विचारू नये म्हणून देवाचा धावा करते. इंटर्नशिपच्या २०२१ च्या नियमात ५२ आठवडे कसे वाटलेत ते तुला पाठच असेल, कम्युनिटी मेडिसिन १२, गायनॅक ७, मेडिसिन आणि सर्जरी ६-६, पेड्स (लहान मुलांचं) ३, आमच्या भुलीला (ॲनेस्थेशियाला) २ आणि स्किनला फक्त १. त्या एका आठवड्यातले निम्मे दिवस लायब्ररीत क्यूबँक (पीजी परीक्षेचे सराव-प्रश्न) सोडवण्यात गेलेले असतात, आणि तेवढ्या माहितीवर माणसाने पुढची पस्तीस वर्षं ठरवायची. मग काहीच नकोसं वाटलं नाही तरच नवल.

आणि ते "मेडिसिन आवडतं" जे आहे ना, ते पण जरा उलटसुलट करून बघ. तू मागे आली होतीस तेव्हा तासभर एका सरांच्या क्लिनिकबद्दल बोलत होतीस, मर्मर (हृदयाचा वेगळा आवाज) कसा ऐकवला, केस कशी उलगडली. शिकवणारा चांगला असला की विषय आवडतोच, पण ते सर काही तुझ्याबरोबर प्रॅक्टिसमध्ये येणार नाहीत. तुझ्या ओपीडीत येणार ती शुगर वाढलेली आणि तरी आंबा खाल्लेली माणसं.

म्हणून मी तुम्हा पोरांना एकच विचारते. पंचेचाळिसाव्या वर्षी रात्री अडीचला फोन वाजला तर तो कुणाचा असेल, आणि उचलताना तुझ्या पोटात काय होईल?

माझा फोन पेशंटचा कधीच नसतो. तो गायनॅकच्या मॅडमचा नाहीतर त्यांच्या सिस्टरचा असतो, "मॅडम सीझर आहे, बाळाचे ठोके पडतायत, किती वेळात येताय?" की मी बॅग उचलायची. बॅगेत माझा लॅरिंगोस्कोप, ट्यूबा, एलएमए ही श्वासाची वाट धरायची साधनं, माझी औषधं, कारण बार्शीत काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावात काय, प्रत्येक हॉस्पिटलात सगळं जागच्या जागी असेल अशा भरवशावर भूल देता येत नाही. दहा मिनिटांत पोचायचं, बाई दोन तासांपूर्वी पोटभर जेवलेली असते, हिमोग्लोबिन सात असतं, नवरा रक्ताची पिशवी आणायला गेलेला असतो. तिच्याशी दोन मिनिटं बोलायचं, तेवढ्यात तिचा दम, तिचा जबडा, तिची भीती सगळं बघून घ्यायचं आणि पाठीत सुई घालायची. स्पायनल चढलं की बीपी पडतं ते धरायचं. बाळ रडलं की ओटीतले सगळे हसतात, मी मात्र मॉनिटरकडेच बघत असते कारण गर्भाशय आवळतंय का, ब्लीडिंग किती आहे ही काळजी तिथून पुढे सुरू होते. चार वाजता घरी. त्या बाईला माझं नाव माहीत नसतं, चेहराही आठवत नसतो, पेढे मॅडमच्या केबिनमध्ये जातात. हे ज्याला खुपतं त्याने भूल घेऊ नये, साफ सांगते. मला खुपत नाही, उलट बरं वाटतं, केस संपली की विषय संपला, ओपीडी नाही, सकाळी दारात कोणी उभं नाही. पण फ्रीलान्सचं दुसरं अंगही ऐकून ठेव, तुझी कमाई सर्जनच्या मर्जीवर असते, पैसे मागावे लागतात, मागूनही महिनोन् महिने थकतात, आणि तू आठ दिवस सुट्टीवर गेलीस की कॉल दुसऱ्याकडे जातो आणि कधी कधी तिकडेच राहतो.

आता तुझ्या मेडिसिनकडे येऊ. फिजिशियनचा रात्रीचा फोन म्हणजे छातीत दुखतंय, झटका आलाय, साप चावलाय, पॉयझनिंग आलंय, आणि त्याच्या मागोमाग नातेवाइकांचा घोळका, ज्यातल्या पुण्याच्या भाच्याला सगळं माहीत असतं. हे झेपतं, विश्वास ठेव, तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत ते अंगवळणी पडतं. जड जातं ते दिवसाचं. बीपी, शुगर, थायरॉइड, सीझनला डेंग्यू आणि प्लेटलेटची रोजची बेरीज-वजाबाकी, तोच माणूस वीस वर्षं दर दोन महिन्यांनी येणार आणि तेच सांगणार, आणि तुला त्यात त्याचा या वेळचा बारीक फरक ओळखायचा. मला हे जमलं नसतं, मला कंटाळा आला असता. तुला माणसांच्या लांबलचक गोष्टी ऐकायला आवडतात हे मी बघितलंय म्हणून मला वाटतं तुला जमेल. फक्त वयाचा हिशोब डोळ्यांसमोर ठेव. इंटर्नशिप संपेपर्यंत चोवीस, एक ड्रॉप (परीक्षेसाठी घरी बसलेलं वर्ष) धर पंचवीस, पीजी संपेस्तोवर अठ्ठावीस, बाँड (सरकारी सेवेचं वर्ष) एकोणतीस, आणि हल्ली "नुसतं एमडी?" असं तोंड करून विचारतात म्हणून सुपरस्पेशालिटीची परीक्षा आणि तीन वर्षं डीएम, म्हणजे बत्तीस-तेहतीस. तालुक्याच्या गावात नुसत्या एमडी मेडिसिनवाचून अजूनही पान हलत नाही, हे मी रोज बघते. डीएमची हौस असेल तर कर, लोक तोंड करतात म्हणून नको.

घरचे डर्मा म्हणतात त्यामागे काय आहे मला माहितीये, मुलगी संध्याकाळी घरी असेल. त्यांना एकदा कुठल्याही गावातल्या स्किनच्या क्लिनिकबाहेरची पाटी वाचायला सांग, संध्याकाळी सहा ते साडेनऊ. मुलं शाळेतून आलेली असतात नेमक्या तेव्हा ओपीडी असते, आपल्याकडे प्रॅक्टिसच संध्याकाळची. रात्रीचे फोन कमी असतात हे खरं, पण व्हॉट्सॲपवर खाजेचे फोटो चोवीस तास येतात, आणि सरकारी वॉर्डात एखादा औषधाच्या रिॲक्शनने सोललेला पेशंट सांभाळला की "स्किनला इमर्जन्सी नसते" म्हणणाऱ्यांची कीव येते. लेसर, पील, केस गळणं हा निम्मा धंदा आहे. तो करायला तुला आवडेल का हे त्यांनी नाही, तू ठरवायचंय.

रेडिओबद्दल दोन भीती लिहिल्यास. एआयची मला फारशी वाटत नाही. एआयचे मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आत्ताच थांबवा, त्यानंतरही टॉपच्या बऱ्याच रँक रेडिओला जातायत आणि रिपोर्टसाठी ताटकळणं काही संपलेलं नाही. बघ बाई, पुढचं सांगायला मी ज्योतिषी नाही. पण सोनोग्राफी करणार असशील तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीचा) कायदा आधी नीट वाच, त्यातल्या एफ फॉर्ममधल्या (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद) रकान्यांवरून मशीन सील झालेली आहेत, आणि एका जिल्ह्यात दोनच सेंटरला नाव लावता येतं, त्यामुळे "पाच ठिकाणी व्हिजिट करीन" हे गणित तिथे चालत नाही. डीम्डमध्ये (अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजात) रेडिओची तीन वर्षांची फी कोटीच्या वर जाऊ शकते. तेवढं कर्ज बाबांनी शेतीवर काढायचं का याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते नाही असं आहे.

गायनॅक आणि पेड्सचं तू काही विचारलं नाहीस म्हणून लांबवत नाही, तिथे फोन थेट घरातून येतो, कळा सुरू झाल्यात, बाळ दूध ओढत नाहीये, आणि तो फोन उचलताना ज्यांच्या पायांना आपोआप चप्पल सापडते त्यांनीच तिकडे जावं. आणि फोनच नको वाटत असेल तर पॅथो, मायक्रो, पीएसएम (म्हणजे कम्युनिटी मेडिसिन) घ्यायला लाज कसली? २०२३ ला नीट-पीजीचं कटऑफ झिरो पर्सेंटाइलवर आणलं तेव्हा लोकांनी या सीट्सची चेष्टा केली, पण कोविडमध्ये टेस्टिंग कोण चालवत होतं, सर्व्हे आणि आकडे कोण बघत होतं ते आठव.

एक माणूस मला या बाबतीत फार आवडतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. एमबीबीएस करून सत्तरच्या दशकात ते बिरवाडीच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लागले, तिथे लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन जायची. मग पुण्याला बीजे मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिन केलं, परत महाडलाच आले, आणि प्राझोसिन हे बीपीचं साधं औषध विंचूदंशात जीव वाचवतं हे दाखवून लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं. तू त्यांच्यासारखी हो असं म्हणत नाहीये, मी पण नाही झाले. मला त्यातला क्रम आवडतो. आधी पीएचसीतला एक प्रश्न डोक्यात बसला, ब्रांच त्याच्या मागून आली. तुझी पीएचसीची पोस्टिंग अजून शिल्लक आहे आणि सगळे ती सही करून पळण्याची पोस्टिंग समजतात. तू नको पळूस, अभ्यासाला दुपार मिळतेच तिथे.

रँकचं म्हणशील तर सीनियरच्या आकड्यांवरून स्वतःची सीट ठरवू नकोस. पेपर बदलतो, सीटा वाढतात, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीजीला डोमिसाइलचं (राज्याचे रहिवासी म्हणून) आरक्षण चालणार नाही म्हटलं, एका निकालाने सगळे जुने हिशोब कागदावर राहिले. साधी तारीख आपल्या हातात नसते, २०२४ ला २३ जूनची नीट-पीजी आदल्या रात्री रद्द झाली आणि ११ ऑगस्टला गेली, पोरं सेंटरच्या गावात लॉजवर जाऊन बसली होती. म्हणून ड्रॉप घ्यायचा तर एकदाच घे, आणि "याच ब्रांचसाठी" घे. नुसती रँक सुधारायला घेतलेला ड्रॉप दुसऱ्या ड्रॉपला जन्म देतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

कॉलेज बघताना जेआर-टूशी (दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटशी) बोल. जेआर-वनला झोपेमुळे काही सांगता येत नाही आणि जेआर-थ्रीला आता सगळं गोड वाटायला लागलेलं असतं. त्यांना विचार, आजारी पडलात तर रजा मिळते का, चुकलं तर शिकवतात की सगळ्यांसमोर उतरवतात, किती जण सीट सोडून गेले. १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये आठवड्याला ४८ तास लिहिलेत, हे सांगून बघ, हसले तर ते चालायचंच, हसण्याऐवजी गप्प झाले तर ते युनिट टाळ. दोन नंबरची ब्रांच चांगल्या डिपार्टमेंटमध्ये मिळत असेल तर मी ती घेईन, आवडती ब्रांच छळणाऱ्या लोकांच्या हाताखाली नाही.

लग्नाचं तू लिहिलं नाहीस पण आई बोलली असणारच. आपल्याकडे सर्जन असला की भूलतज्ज्ञ मुलगी, फिजिशियन असला की गायनॅक, अशा जोड्या जुळवून त्यावर मॅटर्निटी अँड सर्जिकलची पाटी चढवतात. काहींचं छान चालतं. पण न बघितलेल्या नवऱ्याच्या हॉस्पिटलला कुठली ब्रांच लागेल हे धरून तू फॉर्म भरू नकोस, आणि हे आईला सांगायला जड जात असेल तर माझं नाव पुढे कर.

आता काम सांगते. इलेक्टिव्हचे ४ आठवडे आहेत ना, त्यात आणि रविवारी-सुट्टीला मिळून चार जणांबरोबर एक एक पूर्ण दिवस काढ. एचओडी (विभागप्रमुख) नकोत, त्यांचा दिवस तुझा होणार नाही. चाळीस-पंचेचाळीसचे, गावात प्रॅक्टिस करणारे बघ, एक फिजिशियन, एक स्किनवाले, एक सोनोग्राफीवाले आणि चौथी मी. सकाळपासून रात्री शटर खाली होईपर्यंत बस, त्यांनी कधी जेवलं, किती वेळा फोन बघून कपाळाला आठ्या पडल्या, शेवटच्या पेशंटशी आवाज कसा होता एवढंच बघ. पैशाचंही विचार, डॉक्टर लोक आढेवेढे घेतात पण इंटर्नने सरळ विचारलं तर सांगतात.

माझ्याकडे गुरुवारी ये, तीन हॉस्पिटलांत मिळून पाच-सहा केसेस असतात. सोलापूरहून सकाळची लवकरची एसटी पकड, साडेआठला पहिली केस आहे. नाश्ता करून ये, पहिल्यांदा तासन् तास उभं राहिल्यावर चक्कर येणारी इंटर्न मला तिथे नकोय.

तुझी,
मॅडम

ता.क. तुझ्या यादीत इमर्जन्सी मेडिसिन नव्हतं. २००९ पासून एमडी आहे त्यात, ड्युटी संपली की फोन खरंच बंद करता येतो, पण नोकरी बहुतेक मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलातच मिळते. कॅज्युअल्टीचे दोन आठवडे कट न मारता कर, मग बोलू.