वाचकांचे प्रश्न : घरातली मतपेटी

प्रश्न : मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. निवडणूक म्हणजे भोंगा आणि पोस्टर, एवढंच त्यांना ठाऊक. घरी मतदान घेतलं तर ते हात वर करण्यापलीकडे जात नाही. काय करावं? (एक पालक, फोंडा)

उत्तर : आधी हात वर करणं बंद करा. आईचा हात वर गेला की धाकटीचाही जातो, आणि गुप्त मतदान कशासाठी हे तिथेच निसटतं.

विषय खरा घ्या, म्हणजे चतुर्थीच्या सुट्टीत एक दिवस कुठे जायचं असा. निकाल मोठ्यांनी फिरवायचा नाही, एवढी तयारी असेल तरच सुरुवात करा. मतदार निदान सात हवेत. शेजारची मुलं बोलवा. आदल्या दिवशी यादी भिंतीवर लावा. यादीत नाव नाही त्याला मत नाही, मग तो रडला तरी.

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. प्रत्येकावर पर्याय एकाखाली एक, शेजारी चित्र. चित्र हवंच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून दर उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. तुमच्या धाकटीची अडचण तीच आहे.

पेनाने खूण करू दिली तर अक्षर ओळखू येतं, म्हणून सगळ्यांना एकच शिक्का द्या. भेंडी आडवी कापून शाईत बुडवली तरी चालते. घडी आधी उभी, मग आडवी. आधीच आडवी घातली तर ओली शाई वरच्या किंवा खालच्या पर्यायावर उमटते आणि मत कुणाचं यावर भांडण होतं. बुटांच्या खोक्याला बोटभर लांब फट पाडा, मतदानाआधी खोकं रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवा, मगच चिकटपट्टी लावा. बोटावरच्या शाईसाठी साधा मार्कर पुरे; खऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते घरी नको.

मोजणीत पहिल्यांदा दिलेल्या आणि निघालेल्या मतपत्रिका जुळवा, मग गठ्ठे. दोन शिक्के असलेली बाद. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका. कायद्यातही तसंच आहे.

प्रश्न : १९६७ च्या जनमत कौलाबद्दल मुलांना सांगायचं आहे, पण घरात दोन तट आहेत. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : दोन्ही तट मुलांसमोर बोलू द्यात. प्रश्न होता गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. चिन्हं फूल आणि दोन पानं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. मतदान १६ जानेवारीला झालं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, केंद्रशासित प्रदेशाला १,७२,१९१. वजाबाकी मुलांकडून करून घ्या : ३४,०२१. हरलेल्या बाजूलाही दर शंभरात चव्वेचाळीसहून जास्त मतं होती, हे मात्र आवर्जून दाखवा. ‘गोंयकारांनी ठरवलं’ या वाक्यात ती माणसं दिसत नाहीत.

आजीची मुलाखत घ्यायची तर तिचं जन्मसाल आधी विचारा. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, ते १९८९ मध्ये १८ झालं. आजी १९४६ नंतर जन्मली असेल तर तिने प्रचार पाहिला असेल, मत दिलेलं नसणार. मग प्रश्नही तसेच काढा.

प्रश्न : मुलाला मतदान केंद्रात नेता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कडेवरचं मूल चालतं, मोठ्या मुलाने बाहेर थांबायचं. यंत्राचं घरीच सांगा : बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, ती घरी न्यायची नसते. २०१७ च्या विधानसभेला गोव्यातल्या चाळीसही मतदारसंघांत ही यंत्रं होती. पंचायतीला मात्र २०२२ मध्येही कागदी मतपत्रिकाच होत्या, तेव्हा भेंडीचा शिक्का अगदीच जुनापुराणा म्हणता येणार नाही.