कॉस्मेटिक सर्जरीपूर्वी मानसिक तपासणी का करतात? त्यात नकार मिळू शकतो का?

मिळू शकतो, पण बहुतेकांची तपासणी काही प्रश्नांपलीकडे जात नाही. नेमके काय बदलायचे आहे आणि त्यातून अपेक्षा काय आहे, हे सर्जन आधी विचारतात. नाकावरचा उंचवटा शस्त्रक्रियेने कमी करता येतो. नाक सुधारले की मोडू पाहणारा संसार सावरेल, ही अपेक्षा मात्र कोणताही सर्जन पुरी करू शकत नाही.

खरा शोध असतो तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा. इतरांना जेमतेम दिसणाऱ्या किंवा मुळीच न दिसणाऱ्या व्यंगाचा विचार रोज तासन्‌तास छळणे, सतत आरशात पाहणे किंवा आरसाच टाळणे, लोकांत मिसळणे सोडून देणे, ही त्याची लक्षणे आहेत. एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्येच त्याचे वर्णन केले होते. आज तो मंत्रचळाशी (ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार व कृती पुन्हापुन्हा होण्याचा विकार) संबंधित विकारांच्या गटात मोडतो. अशा रुग्णांचा त्रास शस्त्रक्रियेने सहसा शमत नाही, उलट कधी तो दुसऱ्या अवयवाकडे सरकतो. त्यावर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) आणि एसएसआरआय गटातील नैराश्यविरोधी औषधे यांचा उपयोग होतो.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ही चाचपणी मार्गदर्शक नियमांनुसार आवश्यक आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पूर्वी नैराश्यावर उपचार घेतले असतील तर ते लपवू नका. तेवढ्यावरून सहसा नकार मिळत नाही, शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांना चालू औषधांची माहिती लागतेच.