चरबी मोजतेस, पण पाणी कुठे उघडं आहे ते बघितलंस का?

अगं, ईडर या उत्तरेकडच्या समुद्री बदकांच्या चरबीवरचं तुझं संशोधनाचं प्रपोजल काल रात्री दोनदा वाचलं, मेहनत दिसते, पण "जास्त चरबी म्हणजे सुरक्षित पक्षी" या वाक्यावर अडकलो, ते आधी बदल.

कोकणात आगोटीची बेगमी करतात ना, सुकी मासळी, तांदूळ, लाकडं सगळं पावसाआधी घरात, तशीच ही चरबी. फक्त ईडरला कणगी नाही, सगळी बेगमी अंगावर घेऊनच उडायचं आणि बुड्या मारायच्या, आणि आधीच तो दोन किलोच्या आसपासचा जड पक्षी. चरबीच्या एका ग्रॅममधे 9 किलोकॅलरी, प्रथिनांत 4, वर स्नायू म्हटलं की त्यातलं पाणीही वाहायचं, म्हणून साठा चरबीचाच परवडतो. पण तो साठा वाईट दिवसांसाठी, अख्खा हिवाळा त्यावर निघत नाही, रोज खावंच लागतं. आणि खाणं तरी कसलं, शिंपले कवचासकट गिळायचे, पोटातल्या पेषणीत भरडायचे, त्यातलं मांस थोडं, बाकी कवच आणि बर्फासारखं गार पाणी, तेही अंगातल्या उष्णतेनेच गरम करायचं!

कॅनडातल्या हडसन बेमधल्या बेल्चर बेटांचं उदाहरण तुझ्या प्रपोजलमधे हवंच. तिथले ईडर दक्षिणेला जात नाहीत, समुद्र गोठला तरी प्रवाहामुळे जिथे पाणी उघडं राहतं त्या पॉलिन्यांमधे हिवाळा काढतात. 1991-92 च्या हिवाळ्यात बर्फाने ती पाण्याची जागाच आवळली आणि पक्षी ढिगाने मेले, तिथल्या सानिकिलुआक गावच्या मूळनिवासी इनुइट लोकांनी हे सांगितलं, पुढे 1997 ला घरटी मोजली तर 1980 च्या दशकाच्या मानाने सुमारे 75 टक्के कमी. मला हे वाचून अजूनही कसंतरी होतं. खाली तळाशी शिंपले असतील, पण वर जाडजूड बर्फ, मग अंगावरची चरबी पुरून पुरून किती दिवस पुरणार, सांग ना.

बेरिंग समुद्रातला चष्मेवाला ईडर पण बघ, तो हिवाळ्यात कुठे जातो हे 1995 मधे सॅटेलाइट ट्रान्समीटरमुळे कळलं, सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला बर्फातल्या फटींमधे लाखोंनी असतात, 40-50 मीटर खाली बुडी मारून शिंपले आणतात आणि मधल्या वेळात बर्फावर चढून बसतात, गार पाण्यात तरंगण्यापेक्षा तिथे ऊर्जा कमी जाते. म्हणजे ज्या बर्फाने बेल्चरला जीव घेतला तोच इथे बसायला पाट देतो. हे तुझ्या चरबीच्या तक्त्यात कुठे दिसणार?

मादीचा हिशोब तर पूर्ण वेगळा ठेव. साधी ईडर मादी साधारण 25 दिवस अंड्यांवर जवळपास उपाशी बसते, वजन एक तृतीयांशाच्या आसपास उतरतं, त्यामुळे वसंतातली लठ्ठ मादी आणि जानेवारीतला लठ्ठ नर एका सरासरीत टाकू नकोस, प्लीज.

तर तक्ता परत कर. प्रत्येक पक्ष्यापुढे वजनाच्या आधी तारीख, नर-मादी, वय आणि त्या आठवड्यात तिथे उघडं पाणी किती होतं ते लिही, सॅटेलाइटचे फोटो मिळतात. रविवारपर्यंत पाठव, मी सकाळी बसूनच वाचतो.